इंग्रजी ‘अर्थ’ (earth) कुठं लिहायचं, कुठं नाही

खानापूरची तांबडी माती असो की बेळगावची काळी, हातात घेतलेल्या ढेकळाला इंग्रजीत ‘अर्थ’ म्हणता येतं. माती परीक्षणाच्या अर्जावर मात्र ‘सॉइल’च लिहा. उताऱ्यावरची दोन एकर दहा गुंठे ही ‘लँड’. तिथं ‘अर्थ’ लिहिलं तर तलाठी हसेल. मंगळ-शुक्राच्या पंगतीत पृथ्वी बसली की पहिलं अक्षर कॅपिटल. वायरमन मोटारीला हिरवी वायर जोडून ‘अर्थिंग केलंय’ म्हणतो, तोही हाच शब्द. अमेरिकेत त्याला ‘ग्राउंड’ म्हणतात. आमच्या पोरानं ‘व्हॉट ऑन अर्थ’चं भाषांतर ‘पृथ्वीवर काय’ असं केलं होतं! ‘हे काय भलतंच?’ एवढाच त्याचा रोख.