दिलीप सरदेसाईंची स्मृतिसभा कशी घ्यावी

मडगावात जन्मलेले कसोटीपटू दिलीप सरदेसाई २ जुलै २००७ रोजी निवर्तले. त्यांची स्मृतिसभा भर पावसाळ्यात येत असल्याने मैदानाऐवजी देवळाचा सभामंडप ठरवावा आणि भाषणे मोजकीच ठेवावीत. १९७१च्या वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेतील किंग्स्टन कसोटीचा धावफलक मात्र मोठ्या अक्षरांत लावावा; ५ बाद ७५ अशा बिकट अवस्थेतून एकनाथ सोलकरांच्या साथीने डाव सावरत त्यांनी २१२ धावा कशा उभारल्या, हे मुलांना त्या फलकावर बोट ठेवून समजावणे हीच मला खरी श्रद्धांजली वाटते. त्या मालिकेतील त्यांच्या ६४२ धावांचाही उल्लेख करावा. ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. कोणी कोकणीतून बोलू लागल्यास त्यांना मध्येच थांबवू नये.