‘शेवटचा माणूस’ मोजू नका: लाल कार्ड देताना या चुका टाळा

‘तो शेवटचा माणूस (गोलकीपरआधी उरलेला एकमेव बचावपटू) होता, लाल द्या!’ हा ओरडा ऐकून नवखा पंच बचावपटू मोजू लागतो, आणि निर्णय तिथेच चुकतो. फुटबॉलच्या बाराव्या नियमात, म्हणजे फाउल आणि गैरवर्तनाच्या नियमात, ‘शेवटचा माणूस’ हा निकषच नाही. लाल कार्ड असते ते गोलची स्पष्ट संधी हिरावल्याबद्दल. ती हिरावली गेली का, हे ठरवताना फाउल गोलपासून किती अंतरावर झाला, खेळाचा रोख कुठे होता, चेंडू आक्रमकाच्या ताब्यात राहण्याची किंवा येण्याची कितपत शक्यता होती आणि बचावपटू किती व कुठे होते, या चारही गोष्टींचा एकत्रित विचार करावा लागतो. मध्यरेषेजवळून कॉर्नरच्या झेंड्याकडे धावणाऱ्याला एकट्या उरलेल्या बचावपटूने पाडले, तर सहसा पिवळे कार्डच योग्य ठरते. मात्र गोलसमोर पाय उचललेल्या खेळाडूला मागून ओढले, तर बाजूला आणखी दोन बचावपटू असूनही लाल कार्ड द्यावे लागू शकते.

पेनल्टी दिली म्हणजे लाल कार्डही आलेच, ही समजूतही जुनी झाली. चेंडू खेळण्याच्या प्रयत्नात फाउल होऊन पेनल्टी दिली गेली, तर 2016 पासून पिवळे कार्ड पुरेसे मानले जाते. जर्सी ओढणे, ढकलणे किंवा चेंडूपर्यंत पोहोचण्याची शक्यताच नसताना पाडणे, याला ही सवलत नाही.

सर्वांत महागात पडते ती शिट्टीची घाई. 17 मे 2006 रोजी पॅरिसजवळ झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात आर्सेनलचा गोलकीपर लेहमान पेनल्टी क्षेत्राबाहेर धावत आला आणि त्याने बार्सिलोनाच्या एटोला पाडले. सुटलेला चेंडू ज्युलीने रिकाम्या जाळ्यात मारला, पण शिट्टी आधीच वाजली होती. गोल धरला गेला नाही, लेहमानला लाल कार्ड मिळाले आणि अठराव्या मिनिटापासून आर्सेनल दहा जणांनिशी खेळले. आजच्या नियमानुसार पंचाने क्षणभर थांबून ॲडव्हांटेज दिला असता, म्हणजे फाउल होऊनही खेळ सुरू राहू दिला असता, तर गोलही मिळाला असता आणि शिक्षा पिवळ्या कार्डावर भागली असती. माझ्या मते प्रशिक्षणात हा प्रसंग पंचांना पुन्हा पुन्हा दाखवायला हवा.

चेंडूला हात लागल्यास हेतू पाहावा. 2024-25 च्या हंगामापासून, हेतू नसताना हात लागून गोल अडला आणि पेनल्टी दिली, तर पिवळे कार्ड आहे. 2010 च्या विश्वचषकात उरुग्वेच्या सुआरेझने घानाचा गोल गोलरेषेवर दोन्ही हातांनी अडवला होता. तशा जाणूनबुजून केलेल्या कृतीला आजही लाल कार्डच आहे.