गल्लीतल्या रेस्टॉरंटची रचना: टाइल निवडण्याआधीची तयारी

गाळा ताब्यात आला की मन आधी रंग, दिवे आणि खुर्च्यांकडे धावतं. ते थोडे दिवस आवरा. धूर, सांडपाणी, आवाज आणि माणसांची ये-जा या चार गोष्टींचा निकाल आधी लागायला हवा. त्यांचं काम जमिनीखाली, भिंतीत आणि छतामागे जातं. पुढे त्यात बदल करायचा तर झालेलं सगळं फोडावं लागतं.

सुरुवात मोजमापापासून करा, आणि हातात मिळालेल्या नकाशावर विसंबू नका. लांबी-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजा. दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत की नाहीत ते कळेल. उंची तुळईच्या तळापासून घ्या. मग बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून सांडपाण्याची नळी किती खोल आहे ते बघा. १०० ला १ असा उतार धरला, तर मोरी चेंबरपासून १२ मीटरवर असताना पाइप १२ सेंमी खाली उतरतो. तेवढी खोली मिळत नसेल तर स्वयंपाकघराची जमीन उचलावी लागते आणि वाढप्याच्या वाटेत पायरी येते. भरलेलं ताट हातात असताना ती पायरी रोज कुणाला तरी अडखळवते. त्यापेक्षा स्वयंपाकघरच चेंबरच्या बाजूला आणा. ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी पेटी, झाकण उघडून साफ करता येईल अशा जागी हवा. फडताळाखाली दडवलेला ट्रॅप कुणी साफ करत नाही आणि मोरी तुंबते.

आता जागेची वाटणी. १०० चौरस मीटरच्या गाळ्यात साधारण ३० स्वयंपाकघराला, १० कोठार आणि स्वच्छतागृहाला आणि ६० बसायला. खुर्चीमागे दीड चौरस मीटर धरले तर ४० खुर्च्या होतात. १० खुर्च्या आणखी कोंबायचा मोह होईल, पण ५० जणांचं जेवण त्याच शेगड्यांवर आणि त्याच सिंकमध्ये निघायचं आहे याचा हिशेब आधी करा. स्वयंपाकघरात माल येतो, साठतो, चिरला-निवडला जातो, शिजतो आणि वाढला जातो. हा क्रम एकाच दिशेने जाऊ द्या. खरकटी भांडी वेगळ्या वाटेने परत यावीत. वाढपाची खिडकी आणि भांडी घासायची जागा शेजारी आली की गर्दीच्या वेळी दोन माणसं समोरासमोर अडकतात. हात धुवायचं बेसिन स्वतंत्र ठेवा.

धुराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. हूड, म्हणजे शेगड्यांवरचं धूर ओढणारं छत्र, शेगड्यांच्या रांगेपेक्षा प्रत्येक उघड्या बाजूला निदान १५ सेंमी बाहेर हवा, त्याची खालची कड जमिनीपासून साधारण २ मीटरवर. डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पत्र्याचा मार्ग, जितका सरळ तितका चांगला; प्रत्येक वळणावर साफसफाईचं झाकण ठेवा, कारण तिथेच तेलकट थर जमतो आणि आग पसरते ती त्यातूनच. धुराड्याचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडक्यांपेक्षा वर जाऊ द्या. वस्तीत राहून धंदा करायचा तर हे टाळून चालणार नाही. आणि जेवढी हवा बाहेर फेकाल तिच्या ८० टक्क्यांच्या आसपास ताजी हवा आत सोडायची सोय करा. बाकीची हॉलकडून ओढली जाते, त्यामुळे वास स्वयंपाकघरातच राहतो. ही सोय नसली की बाहेर उघडणारं मुख्य दार जड होतं, फटींतून शिट्टी वाजते, आणि पंखा फिरत असूनही हूडच्या कडेने धूर सांडतो. मग मोठा पंखा बसवला जातो आणि त्रास आणखी वाढतो.

बैठकीची आखणी कागदावर झाली तरी जमिनीवर मास्किंग टेपने खऱ्या मापात करून बघा. दोघांचं टेबल ६० बाय ७० सेंमी, चौघांचं ७५ बाय १२०. टेबलाची उंची ७५, आसनाची ४५. या दोन्हींत २८ ते ३० सेंमी अंतर राहिलं की मांड्या अडत नाहीत. गादी दबते, म्हणून आसनाची उंची माणूस बसल्यावर मोजा. टेपच्या चौकटींभोवती खुर्च्या ओढून माणसं बसवा आणि दोन्ही हातांत ताटं घेऊन मधून चाला. मुख्य वाट ९० सेंमी मोकळी हवी, तीही खुर्च्या मागे सरकलेल्या असताना. चाकाच्या खुर्चीला वळायला १५० सेंमी व्यासाचं वर्तुळ लागतं. ते दाराजवळ आणि एका स्वच्छतागृहात राखा. बाहेर पायरी असेल तर १२ ला १ उताराचा रॅम्प. मधल्या एका खांबाची टेबलं घ्या, गुडघे अडत नाहीत. सगळ्यांची उंची अगदी एक असू द्या, म्हणजे जोडता येतात. बाकड्यांचा तळ ८-१० सेंमी आत घ्या. टाचांना जागा मिळते आणि पुसणाऱ्याचा पोछा कोपऱ्यापर्यंत जातो.

आवाजाचा हिशेब बहुतेक जण सोडून देतात आणि उद्घाटनानंतर पस्तावतात. १० बाय ६ मीटरचा, ३ मीटर उंच हॉल घ्या: घनफळ १८० घनमीटर. टाइल, काच, प्लास्टर असे कडक पृष्ठभाग मिळून २१६ चौरस मीटर. ते जेमतेम ५ टक्के आवाज शोषतात, म्हणजे शोषण १०.८ चौरस मीटर. आवाज विरायला किती वेळ लागतो ते सॅबिनच्या सूत्राने काढतात: ०.१६१ गुणिले १८० भागिले १०.८, उत्तर सुमारे २.७ सेकंद. इतका वेळ आवाज घुमला की शेजारचा माणूस वर बोलतो, म्हणून आपण त्याहून वर बोलतो. छताच्या ३५ चौरस मीटरवर ८५ टक्के शोषणारे खनिज लोकरीचे पॅनेल लावा, तोच आकडा पाऊण सेकंदावर येतो. पॅनेल ५० मिमी जाडीचे आणि मागे थोडी पोकळी ठेवून लावा. पातळ फोम बोलण्याचा खालचा सूर शोषत नाही, आणि साधा फोम भराभर पेटतो.

दिव्यांचं थोडक्यात: हॉलमध्ये २७०० केल्विनचा उबदार पिवळसर प्रकाश, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, लोंबता दिवा टेबलापासून ७५ ते ८० सेंमी वर. डिमर (प्रकाश कमी-जास्त करायचं बटण) आणि दिवा एकत्र लावून तपासल्याशिवाय खरेदी करू नका, न जुळणारी जोडी लुकलुकते. स्वयंपाकघरात ५०० लक्स लखलखीत प्रकाश हवा. विजेच्या उपकरणांची वॅटसह यादी वायरमनला भिंती चिरण्याआधी द्या, आणि ओल्या भागातले पॉइंट कंबरेच्या वर घ्या.

स्वच्छतागृहाचं दार उघडलं तरी कुठल्याही टेबलावरून आत दिसता कामा नये. बाहेर पडायचे मार्ग दोन असावेत, दारं बाहेर उघडावीत. तेलाच्या आगीसाठी वेट केमिकल अग्निशामक शेगडीपासून काही पावलांवर, बाहेरच्या वाटेवर टांगा. पेटत्या कढईशेजारी टांगला तर हात तिथवर पोहोचणार नाही.

स्वयंपाकघराच्या जमिनीला घसरत नाही अशी टाइल, सांध्यांत एपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारं भरण), आणि जमीन-भिंतीच्या जोडाला गोलाई. टाइल बसण्याआधी वॉटरप्रूफिंगवर २४ तास पाणी साठवून ठेवा आणि खालचं छत बघा.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात सगळ्या शेगड्या एकदम पेटवा आणि हूडच्या कडेला धुरकट उदबत्ती फिरवा. धूर कुठे बाहेर वळतो ते डोळ्यांना दिसेल. बादलीभर पाणी जमिनीवर ओता आणि ते जाळीकडे जातं की कोपऱ्यात थांबतं ते बघा. आणि प्रत्येक टाइलची एक पेटी, रंगाचा एक डबा कोठारात ठेवून द्या, त्यावर क्रमांक लिहून. तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही.