स्क्रॅबलमध्ये ‘कूम’ लावताय? या चुका टाळा

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ. त्यातला हा एक शब्द: सी-डब्ल्यू-एम, उच्चार ‘कूम’. यात ए-ई-आय-ओ-यूपैकी एकही अक्षर नाही, म्हणून नवखे खेळाडू हा शब्द सगळ्यात आधी पाठ करतात. अर्थ मात्र कुणी बघत नाही. याद्या घोकणाऱ्यांवर माझा राग आहे तो त्यासाठीच.

शब्द वेल्श भाषेतला, अर्थ दरी. वेल्शमध्ये डब्ल्यू हा स्वर असतो, ‘ऊ’सारखा, म्हणजे शब्दात स्वर नाही हा आपला गैरसमज. भूगोलात हिमनदीने कोरलेल्या वाडग्यासारख्या खोलगट जागेला कूम म्हणतात, आपल्याकडचं ‘हिमगव्हर’. एव्हरेस्ट, ल्होत्से आणि नुप्त्से यांच्यामधल्या दरीला ‘वेस्टर्न कूम’ हे नाव 1921 मध्ये जॉर्ज मॅलरीने दिलं. वेल्सच्या डोंगरांत तो चढाया करत असे. एवढं कळलं की हे नाम आहे हे वेगळं पाठ करावं लागत नाही. मग शेवटी एस लावून अनेकवचन होतं आणि ‘ईडी’, ‘आयएनजी’ जोडायचा मोह होत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे या शब्दासाठी अक्षरं धरून बसणं. माझ्या भाच्याने एका डावात सी आणि डब्ल्यू सहा खेळ्या जपून ठेवले. “मावशी, एम येतच नाहीये गं!” येणार कुठून? शंभर टाइल्समध्ये एम दोनच, आणि दोन्ही केव्हाच बोर्डावर लागले होते. त्यातला एक तर उभ्या शब्दाच्या सुरुवातीला होता, डावीकडची घरं मोकळी. तिथे दोन टाइल्स ठेवल्या असत्या की झालं. पण त्याची नजर रॅकवरून, म्हणजे स्वतःच्या टाइल्सच्या पट्टीवरून, हललीच नाही. माझ्या टाइल्स आधी संपल्या, त्याच्या हातात सी-डब्ल्यू राहिले. त्याचे 7 गुण वजा झाले, तेच 7 माझ्यात जमा झाले, म्हणजे 14 चा फरक. आणि तो हरला 9 गुणांनी.

तेव्हापासून माझी सवय अशी: डब्ल्यू हातात आला की आधी बोर्डावरचे सी आणि एम बघायचे. दोन खेळ्यांत जमलं नाही तर साधा सी-ओ-डब्ल्यू, ‘काऊ’ लावून मोकळं व्हायचं.

या शब्दात ब्लँक, म्हणजे कुठलंही अक्षर मानता येणारी पण शून्य गुणांची कोरी टाइल, घालू नका. सी 3, डब्ल्यू 4, एम 3, असे दहा गुण. डब्ल्यूच्या जागी ब्लँक आला की उरतात सहा. ब्लँक सातही टाइल्स एकदम लावून 50 चा बोनस मिळवायला ठेवावा. सहा गुणांसाठी तो खर्च करणं मला बघवत नाही.

दुसऱ्या शब्दाला समांतर लावायला जाल तर शेजारच्या अक्षरांशी दोन अक्षरी शब्दही जुळावे लागतात, आणि तिथे सी अडतो. कॉलिन्सच्या, म्हणजे स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांच्या यादीत सी असलेला दोन अक्षरी शब्द एकच, सी-एच. म्हणून मी तो बहुतेक वेळा एखाद्या शब्दाला आडवा छेदूनच लावते. डब्ल्यू तिप्पट अक्षराच्या घरात बसला तर 18 गुण, तिप्पट शब्दाच्या घरात गेलात तर 30.

समोरच्याने लावला तर स्वर नाही म्हणून चॅलेंज करू नका, म्हणजे शब्दावर आक्षेप घेऊ नका. शब्द बरोबर निघाला की कित्येक ठिकाणच्या नियमांत तुमचीच खेळी जाते.