आयएसआरसी भरताना या चुका टाळा

सोलापूरची गड्ड्याची यात्रा जवळ आली की आमच्या स्टुडिओत रांग लागते. सिद्धरामेश्वरांचं गाणं हवं, आज रेकॉर्ड, उद्या अपलोड. अपलोड करताना आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख-कोड, भरावा लागतो; तो रकाना मात्र कुणालाच नीट भरायचा नसतो.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो. एक मंडळ आलं होतं. चाल एक, म्युझिक ट्रॅक एक, गायक तीन: मराठी, कन्नड, तेलुगू. सोलापुरात यात नवल काही नाही. त्यांच्यातल्या एका पोरानं तिन्ही फायलींना एकच कोड चिकटवला. "दादा, गाणं एकच आहे की!" झालं. कन्नड नावावर दाबलं की मराठी वाजायचं, तेलुगू तर दिसेचना. यात्रेतल्या ऐन अक्षता सोहळ्याच्या दिवशी शहराच्या तेलुगू भाषक पूर्व भागातून फोनवर फोन, आणि शिव्या खाल्ल्या मी.

बाबांनो, आयएसआरसी गाण्याचा नसतो, ध्वनिमुद्रणाचा असतो. चाल आणि शब्द, म्हणजे रचना, तिचा कोड वेगळा, आयएसडब्ल्यूसी. आवाज बदलला, भाषा बदलली, रिमिक्स केलं, स्टेजवर लाइव्ह म्हटलं, की नवा आयएसआरसी. व्हिडिओलाही स्वतंत्र. उलट तेच मुद्रण वेव्हमधून एमपीथ्री केलं तर कोड तोच. अख्ख्या अल्बमचा बारकोड ही तिसरीच भानगड, तो या रकान्यात भरू नका.

कोड बारा अक्षरांचा. पहिली पाच कोड देणाऱ्याची ओळख, पुढचे दोन आकडे वर्षाचे, शेवटचे पाच अनुक्रमांक. वर्ष कोड दिल्याचं, रेकॉर्डिंगचं नव्हे. आजोबांची 1987 ची भजनाची कॅसेट आज पहिल्यांदा कोड घेत असेल तर '87' लिहू नका. मधल्या आडव्या रेघा फक्त वाचायच्या सोयीसाठी, रकान्यात नकोत. आणि सुरुवातीला भारताचं 'आयएन' नाही म्हणून घाबरू नका. परदेशी वितरकाकडून, म्हणजे गाणी ऑनलाइन अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, कोड घेतला की तिकडची अक्षरं येतात, त्यानं गाणं परदेशी होत नाही. मालकीही त्यावरून ठरत नाही.

दुसरी चूक तर जीव जाळते. वितरक बदलताना लोक "कोड आपोआप द्या" वर टिचकी मारतात. आमच्याकडच्या एका हलगीवाल्यानं तेच केलं. तीन वर्षांत जमलेले प्ले जुन्या कोडपाशीच राहिले, नवीन पानावर शून्य. जुना वितरक सोडण्याआधी प्रत्येक गाण्याचा कोड उतरवून घ्या आणि नव्याकडे तोच भरा. पाच मिनिटांचं काम, पण पोरांना तेवढाही धीर नाही.

स्वतःचे कोड काढायचे असतील तर भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडे अर्ज करावा लागतो. एकदा पहिली पाच अक्षरं मिळाली की वर्षाला एक लाखापर्यंत कोड तुमचे तुम्ही देऊ शकता. एकदा दिलेला कोड दुसऱ्या मुद्रणाला पुन्हा वापरायचा नाही, मूळ गाणं डिलीट केलं असलं तरी.

मी एक्सेल वगैरे ठेवत नाही. दोनशे पानी लांब वही आहे: कोड, गायक, भाषा, तारीख. फायलीच्या नावातही कोड लिहितो. मिक्स संपल्यावर वहीत ओळ पडल्याशिवाय पेनड्राइव्ह देत नाही. गाडी बाहेर चालू ठेवून उभे असाल तरी थांबावं लागेल.