कृष्णवर्णीय स्वतंत्र दिग्दर्शकांचे चित्रपट : कसे निवडावेत, कसे पाहावेत, कसे दाखवावेत

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्वतंत्र दिग्दर्शकांच्या नव्या चित्रपटांकडे वळणारा प्रेक्षक बहुधा ‘वर्णद्वेषावरील चित्रपट’ अशी यादी शोधतो आणि पहिल्याच पायरीवर वाट चुकतो. या दिग्दर्शकांच्या नजरेसमोर बहुतेक वेळा एखादी वस्ती असते, तिथले घरभाडे, नोकऱ्या आणि शेजार असतो. वर्णाचा प्रश्न त्या तपशिलांतूनच उलगडत जातो. म्हणून आपली यादी विषयवार न करता ठिकाणांनुसार करावी आणि प्रत्येक चित्रपटाबाबत दोन प्रश्न आधीच लिहून ठेवावेत : तो कोणत्या वस्तीत घडतो, आणि तो कोणाच्या पैशाने तयार होऊन प्रेक्षकांपर्यंत कसा पोहोचला?

सुरुवात ए. व्ही. रॉकवेल यांच्या ‘अ थाउजंड अँड वन’पासून करावी. स्वतंत्र चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात २०२३ मध्ये अमेरिकी कथापट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवणारा हा त्यांचा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट आहे. तुरुंगातून सुटलेली आयनेझ, टेरी नावाच्या मुलाला सरकारी संगोपन व्यवस्थेतून परस्पर उचलून आणते आणि न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वाढवते. पहिल्यांदा पाहताना आई-मुलाच्या नात्यातच मन गुंतते, आणि ते गुंतू द्यावे. दुसऱ्यांदा पाहताना मात्र कान पार्श्वभूमीकडे ठेवावेत : महापौरांची भाषणे, रस्त्यात अडवून घेतल्या जाणाऱ्या पोलिसी झडत्या, आणि शेवटी दुरुस्तीच्या नावाखाली घर राहण्याजोगेच न ठेवणारा नवा घरमालक. भाडेकरूला न हाकलता बाहेर काढण्याची ही तऱ्हा मुंबईकराला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

त्यानंतर एकाच घरातील दोन दिग्दर्शक जोडीने पाहावेत. मेरावी गेरिमा यांच्या ‘रेसिड्यू’मध्ये (२०२०) एक तरुण वॉशिंग्टनमधील आपल्या जुन्या वस्तीवर चित्रपट करण्यासाठी परततो आणि ती वस्ती हातातून निसटलेली पाहतो. येथे कॅमेरा कोणाचा चेहरा दाखवतो आणि कोणाचा टाळतो, हे बारकाईने पाहावे; नव्याने राहायला आलेले गोरे रहिवासी अनेकदा अर्धवट किंवा अंधुकच दिसतात. तुरुंगातील मित्राची भेट दिग्दर्शकाने रानात घडवली आहे. त्या प्रसंगी चर्चा काही वेळ थांबवून तो पुन्हा लावावा, कारण भाषणाशिवाय केलेले भाष्य त्यात सापडते. मेरावींचे वडील हाइले गेरिमा मूळचे इथिओपियाचे. त्यांच्या गुलामगिरीवरील ‘सँकोफा’ला (१९९३) वितरक मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतः चित्रपटगृहे भाड्याने घेऊन तो दाखवला. पुढे दिग्दर्शिका एव्हा डूव्हर्ने यांच्या ‘अरे’ (Array) या वितरण संस्थेने २०२० मध्ये मुलाचा चित्रपट प्रदर्शित केला आणि २०२१ मध्ये वडिलांचा, तोही नव्याने संस्कारित करून. वितरणाचा प्रश्न आधी लिहून ठेवायचा तो यासाठी : हे चित्रपट कोणापर्यंत पोहोचू दिले गेले, हाही त्यांच्या सामाजिक आशयाचाच भाग आहे.

मागची परंपरा समजून घेण्यासाठी निदान चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ (१९७७) पाहावाच. कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना, सुट्टीच्या दिवशी चित्रण करून, दहा हजार डॉलरहूनही कमी खर्चात त्यांनी लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातील एका कत्तलखान्यातील कामगाराचे जगणे टिपले. गाण्यांचे हक्क न सुटल्यामुळे तो २००७ पर्यंत रीतसर चित्रपटगृहांत येऊ शकला नाही. यात कथानक शोधत बसलात तर कंटाळा येईल, हे आधीच सांगितलेले बरे. त्याऐवजी मोटारीचे इंजिन मोठ्या कष्टाने खाली उतरवण्याचा प्रसंग घ्यावा आणि गरिबीबद्दल एक शब्दही न बोलता त्यात किती सांगितले आहे, याची नोंद करावी.

सामाजिक जाणीव वास्तववादातच असते, हा समज निक्यातू जुसू यांच्या ‘नॅनी’ने (२०२२) मोडेल. एका श्रीमंत घरात मूल सांभाळणाऱ्या सेनेगाली बाईचा थकवलेला पगार आणि पश्चिम आफ्रिकी दंतकथांतील जलदेवता त्यात एकाच भयकथेत येतात.

मराठी प्रेक्षकाला हे सारे पाहताना जात आठवणार, आणि ते योग्यच आहे. दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले होते. डूव्हर्ने यांच्या ‘ओरिजिन’मध्ये (२०२३) तर जात आणि वर्ण यांची सांगड उघडपणे घातलेली असून डॉ. आंबेडकरांचे प्रसंगही आहेत. तरीही माझा सल्ला असा की हा चित्रपट यादीत शेवटी ठेवावा. तुलना आधी हाती आली की प्रेक्षक हार्लेममध्येही आपलेच गाव पाहू लागतो आणि हार्लेम राहून जाते.

मंडळात किंवा महाविद्यालयात दाखवायचे असल्यास घरगुती ओटीटी सदस्यत्वावर सार्वजनिक खेळ लावू नये. वितरकाला पत्र लिहून प्रदर्शनाची परवानगी घ्यावी. इंग्रजी उपशीर्षके अवश्य लावावीत, कारण या चित्रपटांतील बोली इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही निसटते. प्रास्ताविक पाच मिनिटांत आटोपावे आणि त्यात फक्त ठिकाण व काळ सांगावा.

अजून कोणाच्या लक्षात न आलेली नावे हवी असतील तर लघुपटांकडे जावे. रॉकवेल यांचा ‘फेदर्स’ आणि जुसू यांचा ‘सुइसाइड बाय सनलाइट’ हे लघुपट त्यांच्या मोठ्या चित्रपटांच्या काही वर्षे आधीच महोत्सवांत दिसले होते. फिलाडेल्फियातील, २०१२ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅकस्टार महोत्सवाची दरवर्षीची लघुपटांची यादी चाळावी, आवडलेल्या दिग्दर्शकांची नावे टिपावीत आणि शक्य तेथे थेट त्यांनाच लिहावे. पूर्ण चित्रपटापेक्षा लघुपटाची परवानगी मिळवणे सहसा सोपे जाते.