चेंबरमध्ये अडकणारी पुंगळी

माझ्या परवान्यावरील .२२ बोल्ट-ॲक्शन रायफलीत (हिचा बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, हाताने मागे-पुढे करावा लागतो), ५० मीटरच्या सरावादरम्यान, उडालेल्या काडतुसाची पुंगळी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेतच) राहू लागली, तेव्हा एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून बाहेर काढणाऱ्या बोल्टवरील आकडीची) स्प्रिंग गेली असावी असे मला वाटले. घरी मॅगझिन काढून, बोल्ट उघडून, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री केल्यावरच (काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात होती) मी बोल्ट बाहेर काढला. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली मेण, शिसे आणि काजळी यांचा घट्ट थर बसला होता. रिमफायरच्या (तळाच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या, अशा .२२ काडतुसाच्या) शिशाच्या गोळीवर बहुधा मेणाचे वंगण असते आणि त्याला जळलेल्या दारूची काजळी चिकटून राहते. तो थर सॉल्व्हंटने भिजवून लाकडी काडीने खरवडला. चेंबरमध्ये काजळीचे कडे होते. तेथे ब्रश बराच वेळ फिरवावा लागला. नळी मात्र मी मागच्या बाजूनेच पुसली, कारण पुढच्या तोंडाची कड साफसफाईच्या सळईने किंचित झिजली तरी नेम बिघडतो. शेवटी तेलाचा अगदी पातळ हात दिला. जोडणीनंतर रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याचे मी कटाक्षाने टाळले, कारण अनेक रिमफायर रायफलींत फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते पेटवणारी सुई) चेंबरच्या कडेवर आदळून तेथे खळगा पडतो. पुढच्या सरावात ५० काडतुसांपैकी एकाचीही पुंगळी अडकली नाही.